मालवली ते कामशेत, पण रुळांवरून नाही

चिंचवड,
९ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

चार महिने तुला ओळही लिहिली नाही, हे मनाला लागून राहिलंय. गुडघा ठीक आहे, साखर ठीक आहे. काल वहिनींचा फोन आला. सोसायटीतल्या आठ मुलांना घेऊन तू पुढच्या रविवारी मालवली ते कामशेत निघालायस म्हणे. छान वाटलं. मग त्या सहज म्हणाल्या, "उशीर झालाच तर डोंगर सोडून रुळांच्या कडेनं जातील, सपाटच आहे." त्यानंतर रात्रभर झोप नाही.

बंड्या, हे भांडण आपलं जुनंच आहे. "स्टेशनातून स्टेशनात जायचं तर रूळ सोडून कशाला?" असं तू म्हणायचास आणि सुभेदार तुझी बाजू घ्यायचा. तेव्हा आपण तिघं होतो, आता तुझ्याबरोबर आठ पोरं आहेत. रुळांखालच्या दोन आडव्या स्लीपरमध्ये साधारण ६० सेंटिमीटर अंतर असतं. आपलं पाऊल त्याहून मोठं पडतं, त्यामुळे चालीला लय म्हणून येत नाही आणि माणूस नजर पायाशी लावून चालतो. कडेला उतरावं तर गिट्टी, वीस ते पासष्ट मिलिमीटरचे सुटे दगड. पायाखालून सरकतात, घोटा मुरगळतो. आणि खरी भीती पुढेच आहे. मार्ग दुहेरी आहे. मागून गाडी आली की माणूस पटकन शेजारच्या रुळावर सरकतो. त्याच वेळी तिकडून दुसरी येत असेल तर पहिलीच्या धडधडीत तिचा आवाज बुडतो. विजेचं इंजिन वळणावरून येताना तर कळतच नाही. लहान पुलांवर बाजूला उभं राहायला जागा नसते. हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही आहे, पण मला दंडाची नाही, पोरांची काळजी आहे.

तेव्हा वाट सांगतो, वहीत लिहून घे.

डोंबिवलीहून लोणावळ्याला उतरा. लांबच्या गाड्यांच्या भरवशावर राहू नका, मालवलीला लोकलच घ्यायची, पुण्याच्या दिशेचं पुढचंच स्टेशन. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघ. आठपर्यंत मालवली सोडा. द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून पलीकडे गेलात की भाजे गाव पाऊण तासात. लेण्यांत घाई करू नकोस. चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत आणि छताला जुन्या लाकडी कमानी अजून आहेत. पोरांना खाली बसवून वर बघायला लाव, दोन हजार वर्षांपूर्वीचं सुतारकाम दिसेल. बाजूचे चौदा स्तूपही दाखव.

तिथून लोहगडवाडीच्या रस्त्यानं गायमुख खिंड. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. अकराला खिंडीत पोचला नाहीत तर पुढे जायचं नाही, ही माझी अट. परत मालवलीला उतरा आणि लोकल पकडा. गाडीला दोन तास असतील तर फलाटावर बसा, डबे तिथेच उघडा. तू वाट बघायला कंटाळतोस, लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी बोहल्यावर चढून बसला होतास! पण रविवारी दम धर.

वेळेत असलात तर विसापूरच्या पायथ्याच्या रानातून भातराशीच्या डोंगराकडे निघा. ढोरवाटा इतक्या फुटतात की नवखा माणूस तासभर गोल फिरतो. भाजे गावातलाच वाटाड्या घे, आदल्या दिवशी ठरवून. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्यायचं. गवत या दिवसांत वाळून कुसळं झालेलं असतं आणि उतारावर ते पायाखाली गुळगुळीत होतं. म्हणून नव्या तळव्यांचे बूट आणि फुलपँट. कुणी अत्तर, स्प्रे मारू नये, शेकोटीही नको, कड्यांना आग्यामोहोळं असतात. तू सगळ्यांच्या मागे राहा, पुढे नाही. पुढे चालायची तुझी हौस मला माहीत आहे.

बेडशाची लेणी तीनपर्यंत गाठा. उंच खांबांवरचे घोडे, बैल, हत्ती आणि त्यांच्यावरची जोडपी पोरांना दाखव. मग चारेकशे पायऱ्या उतरून खाली. तिथून कामशेत सुमारे नऊ किलोमीटर, सगळं डांबर. थकलेल्या पोरांचे पाय तिथेच बोलतात आणि सहाला अंधार पडू लागतो. ते नऊ किलोमीटर चालायचे नाहीत.

धाकटीचं कॉलेज कसं चाललंय? भाऊंचं मोतीबिंदूचं झालं का? काकूंच्या चकल्या पोचल्या, संपल्यासुद्धा.

साडेतीनपासून मी बेडसे गावात टेम्पो घेऊन थांबतो. चालकाशी बोलून ठेवलंय. खिंडीतून परत फिरलात तर तेवढा फोन कर, म्हणजे मी मालवलीला येईन.

तुझा,
अण्णा