फोटोखाली चार ओळीही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकण किनाऱ्यावरच्या छायाचित्रांचे पान पाहिले. हर्णेच्या बैलगाड्या, रापणीचे लांब जाळे किनाऱ्यावरून ओढणारी माणसे, खाडीत वाकलेल्या बायका. छायाचित्रे देखणी आहेत. पण एकाही फोटोखाली गावाच्या नावापलीकडे अक्षर नाही आणि वर मथळा मात्र ‘काळाच्या पडद्याआड जाणारे जीवन’. हे जीवन पडद्याआड जाते आहे की कुणी ढकलते आहे, हे सांगायला नको का?

मी मिरजेची. शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि आता दर हिवाळ्यात गगनबावड्याकडून घाट उतरून खाली जाते. त्या पानावरच्या बहुतेक जागा माझ्या पायाखालच्या आहेत.

हर्णेचेच घ्या. तिथे संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. बोटी आत पाण्यात उभ्या, त्यांच्यापर्यंत बैलगाड्या जातात, मागे सुवर्णदुर्ग आणि मावळतीचा उजेड. कुणीही फोटो काढावा असेच ते दृश्य आहे. पण बैल खाऱ्या पाण्यात का उतरवावे लागले? बोटी लागायला पुरेसा धक्का नव्हता म्हणून. तिथले मच्छीमार त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करत आले. नुसता फोटो पाहणाऱ्याला मात्र वाटते, ही यांची रीतच आहे. माणसाची अडचण आपण परंपरा म्हणून चौकटीत लावतो, याचे मला फार वाईट वाटते.

रापणीचे तर त्याहून जास्त. मालवण, आचरा, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हे काम पाहावे. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवायचा, होडीतून जाळे अर्धगोल टाकत जायचे, दुसरा दोर लांबवर पुन्हा किनाऱ्याला आणायचा आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढत राहायचे. मासळीचे वाटे पडतात, ओढायला हात लावणाऱ्यालाही त्यातले मिळते. मी कॅमेरा सरसावून उभी होते तेव्हा एक म्हातारे काका म्हणाले, “आधी हात लावा, फोटो मागसून काढा.” लावला हात. तळवे सोलवटले, पण किती वजन अंगावर घेऊन ही माणसे मागे मागे सरकतात ते तेव्हा कळले. नंतर मी फोटो काढले ते पाठींचे आणि टाचांचे.

त्या दिवशी जाळ्यात थोडी तारली आली आणि बाकी शेवाळ. काकांनी समुद्राकडे बोट दाखवले. किनाऱ्याकडे येणारे थवे पर्ससीनवाले, म्हणजे तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्यांच्या बोटीवाले, बाहेरच घेरून उचलतात, रात्री एलईडीच्या झगझगाटाने मासळी गोळा करतात. रापणीपर्यंत येणार काय? कायदे नाहीत असे नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश फेब्रुवारी २०१६ चा, एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ ची. अंमलबजावणीसाठी मालवणचे मच्छीमार पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरले आहेत. आपल्या पानावर ओढणाऱ्यांचे दंड दिसतात, या भांडणाचा मागमूस नाही.

आणखी एक. पानावर सगळेच ‘कोळी बांधव’ आहेत. सिंधुदुर्गात रापण ओढणारे बहुतेक गाबीत समाजाचे, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी. दालदी मुसलमान आहेत. ज्याचा चेहरा छापायचा त्याला तो कोण हे विचारायला किती वेळ लागतो?

खाडीतल्या बायकांना मी फोटोसाठी कधी थांबवत नाही. मुळे, कालवे हे शिंपल्यातले जीव काढायला ओहोटीचे दोन-तीन तास असतात, तेवढ्यात संसाराचे पैसे गोळा करायचे. ‘ऊन उतरू दे, मग पाटी डोक्यावर घ्या’ असे सांगणारे मी पाहिले आहेत. भरती थांबते का? एक बाई मला म्हणाल्या, चिखलातला कसला फोटो काढतेस, घरी ये, चांगली साडी नेसून दारात बसते. गेले. तो फोटो मिरजेत छापून घेऊन पोस्टाने पाठवला. आता तो त्यांच्या भिंतीवर आहे. पुरवणीत तो कुणी घेणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मला हे इतके लागते, कारण माझे सासर तंतुवाद्य बनवणाऱ्यांचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून कॅमेरेवाले आणखी वाढले. येतात, ड्रिल मशीन बाजूला ठेवायला लावतात, सासऱ्यांच्या हातात पटाशी देतात, मागे भोपळे टांगतात. लाकूड किती महागले, शिकायला मुलगा मिळतो का, हे कुणी विचारत नाही. फोटो कुठे छापला तेही कळवत नाहीत. समोर बसलेल्या माणसाला कसे वाटते हे मी घरात पाहिले आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसांसाठी बोलते.

माझी विनंती एवढीच आहे. छायाचित्रांच्या पानावर प्रत्येक फोटोखाली चार ओळी छापा: गाव, महिना, जाळे कोणते, काम करणारे कोण, त्यांची हरकत नसेल तर नाव, आणि आज त्यांची अडचण काय. आपल्या वार्षिक छायाचित्र स्पर्धेच्या नियमांतही हे घाला, आणि फोटोतल्या माणसाला एक प्रत पोचवल्याशिवाय प्रवेशिका घेऊ नका. जागा कमी पडली तर दोन फोटो कमी छापा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
मिरज, जि. सांगली