आक्काचं नाव लेखकाच्या रकान्यात लिहिणाऱ्या पोरा…

वाचनालयातल्या आमच्या गुणी पोरा, अनेक आशीर्वाद.

माझं नाव कुठे छापू नका, असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. तोंडावर आभार मानायला गेलं की तू लगेच कपाटावरची धूळ झटकायला पळतोस, तेव्हा म्हटलं चारचौघांत पत्रच लिहावं. आक्काच्या ओव्यांच्या वहीला तुझ्या रजिस्टरात पुस्तकासारखा दाखल नंबर मिळाला ते आठवलं की अजून घसा दाटतो. तो दाटतोय तोवर लिहिलेलं बरं, नंतर नुसता उपचार उरतो.

आम्ही भिशीतल्या बायका वाचायला जागा मागत तुझ्याकडे आलो ते बाकी सगळीकडून परतून. गावातल्या मोठ्या वाचनालयात आधी गेलो होतो. दुपारी ते बंदच असतं. त्या वेळात आम्हाला एका कोपऱ्यात बसू द्या, पंख्याचं बिल आम्ही भरतो, एवढंच मागणं होतं. कार्यकारिणीतले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, गप्पांचा अड्डा नको इथे. मंगळागौरीला हॉल हवा तर सांगा, सवलतीत देऊ." ह्याच हॉलमध्ये दर वर्षी बहिणाबाई चौधरींच्या जयंतीला तसबिरीला हार पडतो. आपल्या जळगाव जिल्ह्यातली बाई, असोद्याची लेक, सगळ्यांना अभिमान! त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे सांगताना वक्त्यांचा आवाज कापरा होतो. रांगोळीला आणि पाहुण्यांच्या औक्षणाला मात्र आम्ही लागतो. तबक धरून समोर उभ्या असलेल्या बाईलाही काही रचता येत असेल, हे आजवर एकालाही सुचलेलं नाही. दुसऱ्या एका मंडळानं काव्यस्पर्धा ठेवली होती, नवोदितांसाठी. आमच्या माईंनी सत्तरीत पहिली कविता लिहिली, ह्याहून नवोदित कोण असणार? पण अट होती वय वर्षं ३५ च्या आतली.

घरचेही काही मागे नव्हते. "आता वाचून काय कलेक्टर व्हायचंय?" हे मी माझ्याच घरात ऐकलेलं आहे. कुणी म्हणालं ते सांगत नाही, तो हे पत्र वाचणार आहे.

तर आमची मूळची भिशी पैशांची. त्यातून मिक्सर आले, कुकर आले, एकीच्या सुनेचं बाळंतपण निभावलं. मग आम्ही ती पुस्तकांची केली. जिची चिठ्ठी निघेल तिनं आपल्या आवडीची पुस्तकं घ्यायची आणि सगळ्यांत फिरवायची. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून जळगावला जाऊन स्वतः निवडून पुस्तक आणायची चैनही परवडायला लागली. अडचण होती ती बसायच्या जागेची. कुणाच्याही घरी जमलं की घरातली बाई अर्धा वेळ ओट्यापाशी.

तुझं वाचनालय मागच्या गल्लीतलं, 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यांत खालच्या. सरकारी अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं, म्हणजे तुझ्या हातात महिन्याला काय पडत असेल ते आम्हाला कळतं. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा ना तू अर्ज मागितलास, ना ठराव. लांब टेबल भिंतीपासून पुढे ओढलंस आणि म्हणालास, "शेंगा सोलायच्या नाहीत, टरफलं होतात. वाती वळल्या तर चालेल."

त्या टेबलाशी आम्ही 'स्मृतिचित्रे' वाचलं. मोतीबिंदूवाल्या दोघी आहेत, म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हे आलं आणि माईंना हसू आवरेना. "अगो, आमच्या सासूबाई नोटा धुवून दोरीवर वाळत घालायच्या! वारा आला की आम्ही पोरीबाळी अंगणभर पैसे गोळा करायचो." सगळ्या खो-खो हसल्या. तू काउंटरवरून मानही वर न करता म्हणालास, "माई, हे लिहून काढा ना." आणि जुन्या रजिस्टरांमधली कोरी पानं फाडून टेबलावर आणून ठेवलीस. लक्ष्मीबाई १८६८ च्या आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली, म्हणजे बाईंची साठी केव्हाच उलटलेली होती, हे तूच आम्हाला हिशेब करून दाखवलंस. त्यानंतर "आता ह्या वयात" हे तीन शब्द त्या टेबलापाशी कुणी काढले नाहीत.

माईंनी लिहिलं. निवृत्त नर्सबाईंनी रात्रपाळीच्या गोष्टी लिहिल्या, त्यातल्या काही अशा की आम्ही जेवलो नाही. मी लिहिलं ते ठीकठाक आहे. आक्का मात्र लिहीत नव्हती. ती माईंना सोबत म्हणून यायची आणि वाती वळत ऐकायची. सहीपुरती अक्षरं येतात, बस. एकदा वाचन चालू असताना ती मध्येच तिच्या आईची जात्यावरची ओवी म्हणाली, मग त्याच चालीवर तिची स्वतःची, मग आणखी एक. आम्ही वाचन थांबवलं. त्या दिवसापासून आळीपाळीनं तिच्या ओव्या उतरवून घ्यायला लागलो. पुठ्ठ्याची दोनशे पानी वही भरत आली तेव्हा आम्हाला एवढंच हवं होतं की ती तुझ्या काचेच्या कपाटात ठेवता येईल का.

तू म्हणालास, नुसती ठेवायची कशाला, दाखल करू. दाखल रजिस्टर उचललंस आणि आमच्या टेबलाशी आलास. आक्काचे गुडघे धरतात म्हणून तिला उठू दिलं नाहीस, तूच तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसलास. पेन उघडलंस आणि विचारलंस,

"आक्का, लेखक म्हणून नाव कसं लिहू? रेशनकार्डावर आहे तसं, का तुम्ही सांगाल तसं?"

बस, ह्या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र आहे.

रेशनकार्डावर, मतदार यादीत, बँकेच्या पासबुकात तिचं नाव आहे, पण ते कसं हवं हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. तू घाई केली नाहीस, मागे एक मेंबर पुस्तक बदलायला ताटकळत होता तरी. मग ती म्हणाली, "माझ्या मायचं नाव टाकता येईन का रे भाऊ? अर्ध्या ओव्या तिच्याच हायेत." समितीला विचारतो, नियमात बसतं का बघतो, असलं काही तू बोलला नाहीस. आधी आक्काचं नाव, मग तिच्या आईचं, असं लेखकाच्या रकान्यात लिहिलंस. प्रकाशकाच्या रकान्यात आडवी रेघ मारलीस. किंमत कोरी ठेवता येत नाही, तपासणीत विचारतात, म्हणून वही केवढ्याला आणली ते विचारलंस आणि ४५ रुपये लिहिलेस. वर्गांक ८९१.४६१, मराठी कविता. रजिस्टरात तिच्या वरच्या ओळीला केळीच्या खतांवरचं पुस्तक आहे आणि खालच्या ओळीला स्पर्धा परीक्षेचं गाईड. आक्कानं एकच विचारलं, "शाई पुसन तर नाही ना?"

बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ मध्ये. मुलानं आणि एका नातलगानं गाणी टिपून ठेवली होती, म्हणून ती वाचली. त्यांना स्वतःला आपलं पुस्तक बघायला मिळालं नाही. हे मी तबक धरून किती तरी भाषणांत ऐकलं होतं, पण त्यात काय गेलं हे आक्का रजिस्टरात वाकून बघत होती तेव्हा कळलं.

मला वाटतं चांगुलपणा असा काउंटरच्या अलीकडे-पलीकडे असतो. बँकेत "आजी, तुम्ही बसा, मी आणून देतो" म्हणणारा, एसटीत आपण चढेपर्यंत घंटी न मारणारा कंडक्टर, आणि तू. ह्यांच्या गळ्यात कुणी हार घालत नाही. घातला तर तेच लाजून पळतील, तुझ्यासारखे.

आता कामाचं. मूळ वही कपाटात आहे, पण तू पदरचे पैसे घालून झेरॉक्स काढून स्पायरल केलेली प्रत घरी नेता येते, हे गावात पसरलंय. ती सध्या कोणाकडे आहे ते मी कार्डावर बघितलं. मंगळागौरीला हॉल देणारे गृहस्थ! मुदत उलटून गेली आहे. ते मोठे आहेत, ओळखीचे आहेत, म्हणून सोडू नकोस. दंड घे, पावती फाड. आणि पुढचा नंबर माईंचा आहे, त्या रोज विचारताहेत.

तुझ्या टेबलावरच्या
सगळ्या मावश्या