माझ्या लेकीला वर्गासमोर उभं न केल्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं आणि शाळेचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि लेकीला तर मुळीच नाही.

तिच्या कानाला मशीन आहे हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी चिडवत नव्हतं, मारत नव्हतं. म्हणून तर तक्रार करायची तरी कशाची, हे कळत नव्हतं. सगळे हसले की ही विचारायची, "काय झालं?" आणि उत्तर यायचं, "काही नाही, जाऊ दे." दिवसातून कितीदा ऐकायचं हे? खेळाच्या तासाला दोन कॅप्टन एकेक नाव पुकारायचे आणि शेवटी ही उरायची. प्रकल्पाच्या गटात हिच्या वाट्याला समास आखणं आणि शीर्षकं रंगवणं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मं बोलणं व्हॉइस मेसेजमधून. शिवाय आणखी एक ग्रुप होता, त्यात ही नव्हतीच.

मशीन लावलं की सगळं नीट ऐकू येतं, असा लोकांचा समज असतो. पण चार जण एकदम बोलले किंवा कुणी पाठ करून बोललं, की शब्द निसटतात. ओठ दिसले तर निम्मं काम होतं.

तुमच्याकडे आले तेव्हा मला एकच धास्ती होती. तुम्ही तिला वर्गासमोर उभं कराल आणि म्हणाल, "हिला समजून घ्या बरं." चांगल्या मनाची माणसंच असं करतात. मग आठवडाभर मुलं इतकी गोड वागतात की त्यापेक्षा दुर्लक्ष बरं वाटावं.

तुम्ही फक्त विचारलंत, "कुठे बसली तर तिला सगळ्यांचे चेहरे दिसतील?" आणि सगळ्या वर्गाचेच बाक अर्धगोलात लावलेत. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, तेही दर पंधरवड्याला नवे. खेळाच्या सरांशी बोलून कॅप्टनची निवड बंद केलीत. चर्चेत ज्याच्या हातात डस्टर, त्यानंच बोलायचं. डस्टरचा फायदा तर भलत्यांनाच जास्त झाला. एक मुलगा अडखळत बोलतो, त्याचं वाक्य आता कुणी मधेच पुरं करत नाही म्हणे.

एका मोकळ्या तासाला तुम्ही सांगितलेली गोष्ट लेकीनं घरी येऊन जशीच्या तशी ऐकवली. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग, १९७० साली प्रसिद्ध झालेले. पडद्यावर ठिपके दाखवायचे, किती ते अंदाजानं सांगायचं. मग त्यावरून गट पाडल्याचं मुलांना सांगायचं. खरं तर ते वाटेल तसे पाडलेले. आपल्या गटात कोण आहे हेही कुणाला माहीत नाही. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्यांना थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळावेत, असंही अनेकदा झालं.

"ठिपक्यांवरून, आई!" लेक हसत होती. तुम्ही तात्पर्य सांगितलं नाहीत, तास संपल्यावर निघून गेलात. आता वर्गात कुणी कुणाला बाजूला सारलं की मागून आवाज येतो, "ए, ठिपके!"

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात दुसऱ्याच कलमात भेदभावाला मनाई आहे. भाषा, वर्ण, लिंग, धर्म, अपंगत्व, सांपत्तिक स्थिती, सगळं त्यात येतं. पण मधल्या सुट्टीत कुणाशेजारी कोण बसतंय, तिकडे लक्ष ठेवायला वर्गात कुणीतरी असावं लागतं. आमच्या नशिबानं तुम्ही होतात.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. तो दुसरा ग्रुप अजून आहे, आणि ही अजून त्यात नाही. मात्र "जाऊ दे" म्हणणाऱ्यांपैकी एक मैत्रीण आता विनोद पुन्हा सांगते. दुसऱ्यांदा तो हमखास पडतो, आणि मग दोघी त्यालाच हसतात.

पुढच्या वर्षी वर्ग बदलेल, वर्गशिक्षकही बदलतील. आभारांच्या पत्रात मागणं बरं दिसत नाही, तरी विचारते: चिठ्ठ्यांचं आणि डस्टरचं तेवढं नव्या शिक्षकांच्या कानावर घालाल का? लेकीचं नाव न घेता.

आपली नम्र,
तुमच्या वर्गातली एक आई