जुनी बोट घेताना मोटरची किंमत शून्य धरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विश्वामित्री नदीच्या ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर बडोद्यात सोसायटीसाठी जुनी बोट घ्यावी का, असा विचार करणाऱ्यांसाठी हे पत्र. ‘मोटर जरा बिघडलीय, बाकी बोट उत्तम’ असे विकणारा म्हणाला, तर मोटरची (म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या पेट्रोल इंजिनाची) किंमत शून्य धरूनच बोला.

स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचे जड चाक, हाताने फिरवा. जाम असेल तर मोटरचा विषय तिथेच संपला. फिरले तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. सिलिंडरांत आपसात दहा टक्क्यांहून जास्त फरक चांगला नाही. खालच्या गिअरकेसचे (पंख्याजवळच्या गिअरच्या पेटीचे) तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरते आहे, हे काम स्वस्तात होते. चमकता चुरा दिसला तर गिअर झिजलेत, ते महागात पडते. मोटर पाण्याशिवाय कोरडी चालवून दाखवू देऊ नका, इम्पेलरचे (थंड ठेवणारे पाणी ओढणाऱ्या पंपातल्या चक्राचे) रबर काही सेकंदांत जळते. पुरात बुडून तशीच पडून राहिलेली मोटर तर फुकटही नको. आतले बेअरिंग गंजलेले असतात.

खरी परीक्षा मोटर बसते त्या मागच्या फळीची. मोटरचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा दांडा, धरून मागेपुढे हलवा. फळी लवली किंवा ठोकल्यावर बद्द वाजली, तर आतले लाकूड कुजले आहे. अशी बोट सोडून द्या. फळी भक्कम असेल तर तिची उंची मोजून ठेवा: १५ इंचाला आखूड पायाची मोटर लागते, २० इंचाला लांब पायाची.

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे