सुरमई महाग का?

मालवण, १२ ऑक्टोबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस ना, अन्नसाखळीतला दहा टक्क्यांचा नियम पाठ झालाय पण डोक्यात शिरत नाही? आज सुरमई साफ करताना तिच्या पोटात अख्खी तारली निघाली आणि तुझी आठवण झाली. बाजारातून तारल्याही आणल्या होत्या, म्हणून मुद्दाम एकीचा कल्ला उघडून बघितला. आत कंगव्यासारखे बारीक, दाट दाते असतात. त्यांनी ती पाणी गाळते आणि त्यात तरंगणारं प्लवक, म्हणजे बारीक जीव आणि शैवाल, खाते. त्यातले डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, तर थेट उन्हावर वाढलेले.

खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. बरंचसं पोहण्यात, श्वासात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने जातं, काही न पचताच बाहेर पडतं. ढोबळमानाने दहावा हिस्सा उरतो. म्हणजे एक किलो सुरमई वाढायला दहाएक किलो तारली, आणि तेवढ्या तारलीला शंभरेक किलो प्लवक. रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यात असा पातळीपातळीने ऊर्जेचा हिशेब मांडला. १९४२ साली त्याचा लेख छापून आला, तोवर तो गेला होता. सत्तावीसही पुरी झाली नव्हती गं त्याची.

आता कळलं, तारल्या वाट्यावर का मिळतात आणि सुरमईच्या तुकड्याला एवढे पैसे का? माझं हे गणित पापलेटाने मात्र बिघडवलं. ते जेलीफिश आणि प्लवक खातं, तरी भाव बघ त्याचा! तिथे चवीचं चालतं, साखळीचं नाही.

एक गोष्ट मात्र परत येते, ती म्हणजे खत. मेलेलं सगळं तळाशी जाऊन कुजतं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत, केरळ-कर्नाटकाकडे जास्त, खालचं थंड पाणी वर येतं आणि हे खत उजेडात आणतं. डायटम माजतात, त्यामागून तारली येते. ऊर्जेला असा परतीचा रस्ता नाही, ती दरवर्षी सूर्याकडूनच नवी घ्यावी लागते.

तारल्यांचं तिखलं केलंय. सुरमईचं डोकं कढीसाठी ठेवलं होतं, ते बोक्याने पळवलं. त्याला कितव्या पायरीवर बसवायचं ते तू ठरव आणि कळव.

तुझी,
आई