गव्हाची बर्बन घेताना लेबलवरचे आकडे वाचा

संपादक महोदय,

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. तेव्हापासून या अमेरिकी व्हिस्कीवर मराठीत बरंच छापून येतं. त्यात दोन गोष्टी सतत खटकतात. एक म्हणजे सगळ्या बर्बन एकाच माळेत ओवल्या जातात. दुसरी म्हणजे जी मिळत नाही तीच उत्तम, असं धरून चालतात. गहू घातलेल्या बर्बनच्या बाबतीत तर किंमत आणि चव यांचा संबंध पार तुटला आहे. वेलर ही अशीच एक हाती न लागणारी गव्हाची बर्बन. अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना एक वेलर आण’ असं सांगणारे आता पुण्या-मुंबईत कमी नाहीत. त्या बिचाऱ्या भाच्यासाठी तरी हा तपशील छापावा.

कायद्याने बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. दारू आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते, आणि रंग किंवा स्वाद वरून घालता येत नाही. थोडं बार्लीचं माल्ट असतं, कारण स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स त्यातून मिळतात. उरलेली जागा बहुतेक कंपन्या राय या धान्याला देतात. जिम बीम, वाइल्ड टर्की, बफेलो ट्रेस या सगळ्या रायवाल्या. मिरी-लवंगेचा तो झणका रायचा. मोजक्या डिस्टिलऱ्या रायऐवजी गहू घालतात.

गहू गोड म्हणून ही बर्बन गोड लागते, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. आंबवताना गव्हातल्या साखरेचीही दारूच होते, आणि ऊर्ध्वपातनातून साखर वर येत नाही. गहू इथे रश्श्यातल्या बटाट्यासारखा वागतो: स्वतः फार बोलत नाही, दुसऱ्यांची चव पुढे करतो. रायचा तिखटपणा गेला की मक्याचा मऊपणा आणि पिंपातून आलेलं व्हॅनिला, कॅरमेल ठळक होतं. त्याचा तोटाही आहे. पिंपात दोष असला तर तो झाकायला मसाला उरत नाही. कोवळ्या मालाला कच्च्या धान्याचा वास येतो, अति मुरलेल्याला लाकडाचा तुरटपणा. गव्हाची बर्बन म्हणजे गव्हाची व्हिस्की नव्हे, हेही सांगायला हवं. हेवन हिल या कंपनीची बर्नहाइम ओरिजिनल ही गव्हाची व्हिस्की आहे. तिच्यात गहूच ५१ टक्के आहे, म्हणून तिला बर्बन म्हणता येत नाही.

आता बाटल्यांकडे. तुलनेसाठी मापदंड एकच, मेकर्स मार्क. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लोरेटो गावची. बिल सॅम्युअल्स यांनी १९५३ साली ही डिस्टिलरी घेतली आणि लाल मेणात बुडवलेली पहिली बाटली १९५८मध्ये बाजारात आली. धान्य ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के बार्ली माल्ट. बाटलीत अल्कोहोल ४५ टक्के. इथे एक आकडा फार महत्त्वाचा आहे आणि तो लेबलवर नसतो: पिंपात भरतानाची तीव्रता. कायदा ६२.५ टक्क्यांपर्यंत परवानगी देतो आणि बऱ्याच कंपन्या ती पुरेपूर वापरतात, कारण तेवढ्याच मालाला पिंपं कमी लागतात. मेकर्स मार्क ५५ टक्क्यांवर भरते. म्हणजे पिंपात पाणी जास्त, लाकडातले पाण्यात विरघळणारे गोड घटक जास्त उतरतात, आणि बाटलीत भरताना वरून पाणी कमी घालावं लागतं. तिचा गुळगुळीतपणा बराचसा इथून येतो, आणि श्रेय मात्र सगळं गव्हाला मिळतं.

चवीला कॅरमेल, व्हॅनिला, जराशी चेरी. घशाखाली गेल्यावर चव लवकर विरते. तक्रार करायची तर हीच. बर्फाचे दोन खडे टाकले की ती पाणचट होते. कंपनीने २०१३मध्ये माल पुरत नाही म्हणून तीव्रता ४५वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. तीन टक्क्यांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

हिच्याच दोन बहिणी आहेत. मेकर्स ४६ ही २०१०मध्ये आली. मुरलेली दारू पुन्हा पिंपात घालून त्यात भाजलेल्या फ्रेंच ओकच्या दहा पट्ट्या ठेवतात. अल्कोहोल ४७ टक्के. दालचिनी, भाजका सुगंध जास्त. दुसरी कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे जवळपास पाणी न घातलेली, साधारण ५४ ते ५७ टक्के. आमच्या मते या घराण्यातली पैसे वसूल करणारी बाटली हीच. ६० मिलिलिटरचा पेग ५५ टक्क्यांचा असेल तर त्यात १३ मिलिलिटर पाणी घातलं की तो ४५ टक्क्यांवर येतो. म्हणजे साधी मेकर्स मार्क घरीच तयार, आणि हवी तेव्हा दाट प्यायची सोय वेगळी. अमेरिकेत साधी तीस डॉलरच्या आसपास मिळते, कास्क स्ट्रेंग्थ पंचेचाळीसच्या.

हेवन हिलची लार्सनी साध्या मेकर्स मार्कपेक्षा थोडी स्वस्त. ६८ टक्के मका, २० टक्के गहू, १२ टक्के बार्ली माल्ट. अल्कोहोल ४६ टक्के. गहू जास्त असूनही ती मेकर्सपेक्षा जरा चरचरीत लागते, कारण हेवन हिल पिंप भरताना कायद्याची वरची मर्यादा गाठते. गव्हाचा टक्का वाढला म्हणजे मऊपणा वाढला, हे गणित इथेच कोसळतं. चव टॉफी, मध, ताज्या पावाची. लेबलवर किल्लीचं भोक आहे. गोदामाच्या किल्ल्या हाताशी असलेला फिट्झजेरल्ड नावाचा सरकारी अधिकारी चांगली पिंपं हेरून त्यातली दारू लांबवायचा, अशी दंतकथा आहे, आणि लार्सनी म्हणजे चोरी. कॉकटेलला किंवा सोड्याबरोबर घ्यायची असेल तर मेकर्सपेक्षा ही बरी. सोड्यात ती हरवत नाही.

लार्सनी बॅरल प्रूफ, म्हणजे पिंपातल्याच तीव्रतेची, हा वेगळाच प्रकार. २०२०पासून वर्षाला तीन वेळा निघते. लेबलवरचा संकेत वाचता आला पाहिजे: सी९२३ म्हणजे त्या वर्षीची तिसरी खेप, नववा महिना, २०२३. दर खेपेचं अल्कोहोल वेगळं, बहुधा साठ टक्क्यांच्या आसपास. ही थेट पिणाऱ्यांची जीभ बधिर होते आणि मग ‘नुसतीच जळते’ असा शेरा मिळतो. ६० टक्क्यांच्या ६० मिलिलिटरमध्ये १८ मिलिलिटर पाणी घातलं की ४६ टक्के होतात. पाणी एकदम ओतू नये, चमच्याने घालावं, पाचेक मिनिटं थांबावं, मग पुन्हा चव घ्यावी. ५० ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान ती सर्वांत चांगली लागते. साठ-सत्तर डॉलरला एवढा ऐवज दुसरीकडे मिळत नाही.

स्वस्तात बघायची तर रेबेल १०० आहे. धान्याचं प्रमाण लार्सनीचंच, ५० टक्के अल्कोहोल, वीस डॉलरच्या आसपास. जराशी ओबडधोबड, पण व्हिस्की सावर या लिंबाच्या कॉकटेलला ठणठणीत. केंटकीतल्याच डॅनव्हिलची वाइल्डरनेस ट्रेल बॉटल्ड-इन-बाँड थोडी महाग आहे, पण ज्याला धान्याची चव हवी त्याने ती घ्यावी: गहू २४ टक्के. बॉटल्ड-इन-बाँड हा १८९७च्या कायद्याचा शिक्का. एका डिस्टिलरीचा, एका हंगामाचा माल, किमान चार वर्षं मुरलेला, बरोबर ५० टक्के अल्कोहोलचा. जाहिरातीतल्या कुठल्याही विशेषणापेक्षा हा शिक्का भरवशाचा.

आणि आता वेलर. ही बफेलो ट्रेस डिस्टिलरीची, केंटकीतल्या फ्रँकफर्टची. हिरव्या लेबलची स्पेशल रिझर्व्ह ४५ टक्के, लाल लेबलची अँटिक ५३.५ टक्के, काळ्या लेबलची बारा वर्षं मुरलेली ४५ टक्के. पॅपी व्हॅन विंकल ही सगळ्यांत गाजलेली महागडी बर्बनही त्याच डिस्टिलरीत, गव्हाच्या त्याच पाककृतीवर बनते. फरक पिंप गोदामात कुठे ठेवलं, किती वर्षं ठेवलं आणि कोणी निवडलं याचा. हे कळल्यापासून वेलरला ‘गरिबाची पॅपी’ हे नाव पडलं आणि ती गरिबाच्या हातून गेली. स्पेशल रिझर्व्हची कंपनीने ठरवलेली किंमत तीस डॉलरच्या आत आहे. दुकानदार सर्रास दुप्पट लावतात. बारा वर्षंवालीची ठरलेली किंमत त्याहून फार जास्त नाही, पण ती शंभर-दीडशेच्या खाली क्वचित दिसते. पॅपीचा आकडा पुनर्विक्रीत हजारांत जातो, आणि तिच्या रिकाम्या बाटल्यांनाही गिऱ्हाईक असतं. ते कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. अनोळखी माणसाकडून भरलेली बाटली घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

चव? स्पेशल रिझर्व्ह ही गोड, हलकी, बिनचूक आणि विसरण्याजोगी आहे. डोळे झाकून मेकर्स मार्कशेजारी ठेवली तर दोघींत उजवी-डावी करणं कठीण. अँटिक मात्र खरंच चांगली: चेरी, दालचिनी, अंगाला भरलेली. बारा वर्षंवाली लाकडाने समृद्ध आहे, पण ४५ टक्क्यांवर थोडी दबलेली. म्हणून जाणकार बारावाली तीन भाग आणि अँटिक दोन भाग मिसळून ठेवतात, अल्कोहोल ४८.४ टक्के होतं आणि दोघींची उणीव भरून निघते. पॅपीतली पंधरा वर्षंवाली ५३.५ टक्के, वीसवाली ४५.२, तेवीसवाली ४७.८. केंटकीच्या उन्हाळ्यात कोऱ्या ओकमध्ये तेवीस वर्षं हा फार काळ झाला. त्या बाटलीत लाकडाचा कडवटपणा असतो आणि ती महाग आहे म्हणून लोक तो गोड मानून घेतात. पंधरावाली या मालिकेत सगळ्यांत समतोल. पॅपीचा लौकिक ज्या स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरीने कमावला ती लुईव्हिलजवळ १९३५मध्ये सुरू झाली आणि १९९२मध्ये बंद पडली. आजच्या बाटलीत तिथला माल नसतो.

मिळण्याचं म्हणाल तर अमेरिकेत राज्यागणिक तऱ्हा. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशा राज्यांत दारूची दुकानं सरकारी आहेत. किंमत ठरलेली, पण दुर्मीळ बाटल्यांसाठी सोडत लागते आणि ती तिथल्या रहिवाशांसाठी. न्यू जर्सीत दुकानं खासगी, म्हणून बाटली दिसते आणि किंमत बघून माणूस मागे फिरतो. पाहुणा म्हणून पंधरा दिवस गेलेल्याने वेलरमागे फिरू नये. लार्सनी बॅरल प्रूफ किंवा मेकर्स कास्क स्ट्रेंग्थ विचारावी.

आणण्याचे नियम साधे आहेत. भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर दारू शुल्काविना आणता येते. अमेरिकी बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन बसतात. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि शुल्क लागतं. विमानात चेक-इन सामानात ७० टक्क्यांच्या आतली दारू बंद बाटलीत चालते. विमानतळावर घेऊन हातात आणायची असेल तर वाटेत आखातात विमान बदलताना सीलबंद पिशवी फोडू नये, नाहीतर तिथेच सोडावी लागते.

आपल्याकडे दुकानात गव्हाच्या बर्बनपैकी सहज दिसते ती मेकर्स मार्क. शुल्क दीडशेवरून शंभर झालं म्हणजे बाटली तिसऱ्या हिश्शाने स्वस्त झाली, असं नाही. शंभर रुपयांची आयात पूर्वी अडीचशेला पडायची, आता दोनशेला. म्हणजे वीस टक्के. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट आणि दुकानदाराचा नफा चढतो तो वेगळा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय पंचवीस आणि परवाना लागतो, हेही बातमीत एका ओळीत यायला हरकत नाही.

तुलना करायची तर निमुळत्या तोंडाच्या पेल्यात प्रत्येकी १५ मिलिलिटर घ्यावी, कमी तीव्रतेकडून जास्तीकडे जावं, लेबलं दुसऱ्याने झाकावीत. मे महिन्यातल्या मुंबईत खोलीच्या तापमानाला अल्कोहोलची वाफ नाकात चढते आणि बाकी काही कळत नाही; बाटली आधी वीस-बावीस अंशांपर्यंत गार करावी. पाणी बोअरचं नको, क्षारांनी चव मरते. मसाला शेंगदाणे आणि लसणाची चटणी नंतर, व्हिस्की चाखून संपल्यावर. मेकर्सचं मेण सुरीने तासू नये, त्यातच ओढायची पट्टी असते. बाटली उभी ठेवावी, कारण आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातं.

आपल्या पुरवणीत पुढे कधी बर्बनची यादी छापली तर प्रत्येक नावापुढे धान्य, अल्कोहोलचा टक्का, वय आणि ठरलेली किंमत एवढे चार रकाने द्यावेत, ही विनंती. ‘रेशमी’ आणि ‘राजेशाही’ हे शब्द गाळले तर त्यांना जागा सहज होईल.

आपला,
एक वाचक, ठाणे