केसपेपरची दुसरी खिडकी उघडून काय साधले?

महोदय,

केसपेपरसाठी दुसरी खिडकी सुरू झाल्याने सरकारी रुग्णालयातली प्रतीक्षा निम्म्यावर आली, ही कालची बातमी वाचून राहवले नाही. निम्म्यावर आली ती फक्त केसपेपरच्या खिडकीपुढची प्रतीक्षा. तिथून लवकर सुटलेली माणसे आता ओपीडीच्या दारात ताटकळतात, कारण डॉक्टर होते तेवढेच आहेत.

मागच्या आठवड्यात आईला घेऊन गेलो होतो. केसपेपर झटपट मिळाला, हे मान्य. पुढे ओपीडी, मग रक्त, मग एक्स-रे आणि रिपोर्ट दाखवायला परत त्याच डॉक्टरांच्या दारात. तिथे नवे रुग्ण आणि रिपोर्टवाले यांच्यात आधी आत कोणी जायचे यावरून वादावादी. बाक भरलेले, आई भिंतीला टेकून उभी. आणि सगळ्यात शेवटी औषधांची एकच खिडकी.

मी संख्याशास्त्र शिकवतो. रांगांच्या गणिताचा पाया डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत घातला. त्यातले अगदी प्राथमिक सूत्र सांगते की एकटी खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल तर तिथे सरासरी ४ माणसे असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. आधी केसपेपरची खिडकीच माणसे रोखून धरत होती. आता ती भराभर पुढे येतात आणि ओपीडीच्या आधीच भरलेल्या दारावर आदळतात; डॉक्टरांचे दार हीही अशीच एक खिडकी.

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तर शाळकरी मुलालाही समजेल. ताशी ६० रुग्ण येत असतील आणि आवारात सतत १८० असतील, तर एकेकाचे सरासरी ३ तास जातात, मधल्या खिडक्या कितीही असोत. केसपेपर देताना त्यावर वेळ नोंदली जातेच. औषधे देतानाही ती टाका, म्हणजे खरी प्रतीक्षा कळेल. आपल्या बातमीदाराने हाच आकडा मागायला हवा होता.

आणखी एक. औषधखिडकीवर नंबर आल्यावर कळले की पाचपैकी दोनच औषधे आहेत, बाकीची बाहेरून घ्या. संपलेल्या औषधांची यादी रोज सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, तर निदान त्या रांगेतून बऱ्याच जणांची सुटका होईल. यासाठी नवी खिडकीही लागत नाही आणि निधीही लागत नाही.

– एक नियमित वाचक